शून्यावर अडलेला आकडा

“इथे माझ्याशिवाय कुणी मुलगी आहे का?” सलोनी आणि तनया या मैत्रिणींनी ‘हिंमत आहे का?’ म्हणून डिवचलं, तेव्हा मी वेबसाइट बनवायला रिॲक्ट शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर हे बिनधास्त विचारून टाकलं. गाझियाबाद ते गुडगाव मिळून चारशे जण, सगळे टोपणनावाने, आणि सगळेच मला ‘ब्रो’ म्हणणारे.

तासाभराने एकच उत्तर आलं. “लड़की नहीं, पैंतालीस की आंटी चलेगी?”

“दौड़ेगी!” मी लिहिलं.

आंटींचा पहिलाच धडा अडला होता. बटण दाबलं की आकडा एकने वाढायला हवा, पण तो शून्यावरच. मी एकदम एक्सपर्टच्या थाटात समजावलं, की आकडा आत वाढतोय, पण रिॲक्टला सांगितल्याशिवाय पडद्यावर दिसत नाही. मग सहज विचारलं, घरात कुणाला येत नाही का हे?

“बेटी को आता है. पर वो हँसेगी.”

कसली मुलगी आहे यार, असं म्हणत मी त्यांचा कोड मागितला. आंटींनी चक्क मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. लॅपटॉपच्या मागे मी सकाळी अर्धवट टाकलेली पोह्यांची बशी होती, आणि पेपरात डोकं घातलेले माझे बाबा.

 मी खोलीतून बाहेर आले, तर आईने घाईघाईने लॅपटॉप मिटला.

“आई, बाबा, माझं ठरलंय,” मी म्हणाले. “माझं टेबल आजपासून हॉलमध्ये. खोलीत शेजारी आईची खुर्ची मावत नाही.”