चौथा नळ

फुटलेली नळी आंघोळीच्या नळाची नव्हतीच.

ड्वेन मोटरहोमच्या, म्हणजे त्यांच्या सहलीच्या राहत्या गाडीच्या, न्हाणीत पालथा पडला होता. तोंडात टॉर्च, शेजारी भिंतीची काढलेली फळी. नळी बोटभर चिरली होती. ती तो चाचपत पुढे गेला. नळी वर आंघोळीच्या नळाकडे वळलीच नाही. सरळ भिंतीतून बाहेर गेली, गाडीच्या मागच्या छोट्या झाकणाकडे. त्या झाकणाआड एक फवारा होता, तळ्यावरून आल्यावर पाय धुवायचा. सव्वीस वर्षांत ते झाकण ड्वेनशिवाय कोणी उघडलं नव्हतं.

मिनेसोटाच्या थंडीत नळ्यांतलं पाणी गोठून नळ्या फोडतं. म्हणून दर ऑक्टोबरात पाणी काढून नळ्यांत न गोठणारं गुलाबी औषध भरायचं. काम दोघांचं. ड्वेन बाहेर पंपाशी औषधाचा डबा धरून उभा राही. आत त्याची बायको मार्लिस एकेक नळ सोडी आणि धार गुलाबी झाली की ओरडे, "गुलाबी!" स्वयंपाकाचा नळ, बेसिन, आंघोळ. तीन नळ, तीन आरोळ्या. चौथा बाहेरचा, तो ड्वेनचा. गेल्या वर्षी तेवढ्यात शेजारी हरणांच्या शिकारीच्या गप्पा घेऊन आला. गप्पा झाल्या, नळ राहिला.

मे महिन्यात पाणी चालू केलं, तर न्हाणीच्या भिंतीतून धार लागली.

"आंघोळीचा नळ राहिला तुझ्याकडून," ड्वेन तेव्हा म्हणाला होता.

"मी ओरडले होते रे. मला चांगलं आठवतंय."

"आधीच्या वर्षीचं आठवत असेल तुला."

बोलून तो मोकळा झाला, आणि मार्लिस मात्र त्या वाक्यात अडकली. बावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. एकही पोर कधी रस्त्यात विसरली नव्हती. त्या आठवड्यात शेगडीवर पिवळी चिठ्ठी लागली, 'बंद केलीस का?' मग फ्रिजवर लागली, मग दारावर. जूनमध्ये तिने आपल्या गाडीची किल्ली खुंटीला अडकवली ती अडकवलीच. "माझं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही," असं तिने मुलीला फोनवर स्वतःच सांगितलं. ड्वेन तेव्हा शेजारच्याच खुर्चीत बसून पेपर वाचत होता.

त्यांची जोडी नावाची मुलगी दोन मुलांना घेऊन चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला येणार म्हणून त्याने घर नुसतं चकाचक केलं. पायऱ्या बदलल्या, दाराची डासांची जाळी नवी ताणली, तळ्यातला लाकडी धक्का ठोकून पक्का केला. कामाला वाघ माणूस. पण मुलं मोटरहोममध्ये झोपणार हे ठाऊक असूनही ही एवढी फळी काढायला त्याला दोन महिने मुहूर्त सापडला नव्हता.

आता नवा तुकडा जोडायचा आणि फळी बसवायची. दहा मिनिटांचं काम. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"सापडलं का रे?" मार्लिस लिंबाचं सरबत घेऊन दारात उभी होती. "माझ्याच नळाचं ना?"

"हं," ड्वेन म्हणाला.

"माझ्या वेंधळेपणापायी या वयात तुला जमिनीवर लोळावं लागतंय. माफ कर हं."

त्याचे कान तापले. तिने पेला हातात दिला, तोही त्याने घेतला. घटाघटा प्यायलासुद्धा. ती गेल्यावर त्याने चिरलेला तुकडा कापून खिशात टाकला आणि फळीचे स्क्रू एकेक करून घट्ट आवळले.

संध्याकाळी लख्ख उजेडात सगळे अंगणातल्या टेबलाशी जेवायला बसले.

"आई, मंगळवारी दहाला डॉक्टरकडे तुझं नाव घातलंय," जोडी हळूच म्हणाली. "विसरण्याचं जरा तपासून घेऊ. आणि येताना ते नवीन वृद्धाश्रम नुसतं बघून येऊ. नुसतं बघायचं, बरं का. खोलीतून तळं दिसतं म्हणे."

"बरं," मार्लिस म्हणाली. तिने खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. "मंगळवार म्हणालीस ना?"

"आजी, उद्या आइस्क्रीम खायला जायचं ना?" धाकटीने विचारलं. "तुझ्या गाडीतून! तू बसमधल्यासारखी आमची हजेरी घे."

"आजोबा नेतील हो तुम्हाला," मार्लिस म्हणाली आणि मान खाली घालून 'मंगळवार' लिहू लागली. लिहून झाल्यावर तिने तो शब्द पुन्हा एकदा वाचून पाहिला.

आपण किती हलकेपणाने वागलो हे ड्वेनला त्या टेबलावर बसल्या बसल्या कळलं. त्याने खिशात हात घातला आणि चिरलेली नळी बटाट्याच्या सॅलडशेजारी ठेवली.

"बाबा! जेवताना काय हे?"

"बाहेरच्या फवाऱ्याची आहे," तो म्हणाला.

जोडीला काही कळलं नाही. मार्लिसला कळलं. तिने पेन्सिल खाली ठेवली, नळी उचलली, उलटसुलट करून पाहिली. चिरेवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे," तिने विचारलं, "मी ओरडले होते?"

ड्वेनला मान वर करवेना.

"तीनदा," तो म्हणाला. "मी ऐकलं होतं. मे महिन्यातही मला ते आठवत होतं."