कॉफी घेऊन येऊ

ऑफिसात कुणाला नारळ मिळणार, हे त्या माणसाच्या आधी दोघांना कळायचं. एक, सर्व्हर सांभाळणारे दादा, आणि दुसरी, त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारी त्यांची मदतनीस.

जाता जाता कुणी रागाच्या भरात कंपनीच्या फायली पळवू नयेत, म्हणून दादांनीच ही युक्ती काढली होती. ते त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "चल रे, कॉफी घेऊन येऊ." तो हातातल्या कामाकडे बघत घुटमळला, की ती स्क्रीनवरून मान वर न करता म्हणायची, "निवांत जा, मी आहे ना."

कप रिकामा होईपर्यंत सर्व्हरवर शिरायची त्याची डिजिटल चावी तिने पुसून टाकलेली असायची. "अकरा वर्षांत एकही कॉफी वाया गेली नाही," असं दादा हसत हसत सांगायचे.

आज दुपारी दादा दूरच्या सर्व्हरवर महिन्याचा बॅकअप पाठवत होते. निम्म्या फायली गेल्या होत्या. तेवढ्यात, एरवी केबिनबाहेर पाऊल न टाकणारे साहेब त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. दादांच्या खांद्यावर हात पडला.

"चला दादा, कॉफी घेऊन येऊ."

"आलोच साहेब, एवढा बॅकअप जाऊ दे," म्हणत दादांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं.



तिने स्क्रीनवरून मान वर केली नाही. "निवांत जा दादा, मी आहे ना."