मधली पायरी

"परत तेच! या परीक्षकाला दुसरा प्रश्नच सुचत नाही का?" नवरा कप आदळत धुसफुसला.

पेपर, म्हणजे गणिताचा शोधनिबंध, दोघांनी मिळून लिहिलेला होता. त्याचा विषय आकारांचा. कुठेही न तुटणाऱ्या, सलग आकारांचा. तिचा तर्कशास्त्राचा, अशा आकारांबद्दल तर्काच्या भाषेत काय मांडता येतं आणि काय नाही, याचा. त्याने एखादा गुण छोट्या आकारात सिद्ध करायचा आणि तिने तो तर्काच्या जोरावर अवाढव्य आकारापर्यंत पोचवायचा, अशी वाटणी. लग्नाइतका जुना तो पेपर आजही नियतकालिकाकडून परत आला होता, त्याच प्रश्नासह: हा गुण मुळात तर्काच्या भाषेत मांडता येतो, हे कशावरून?

"दे ना दोन ओळी खरडून. मांडणं तुझं खातं."

"मांडायला आधी तो गुण कळायला हवा. ते तुझं खातं. तूच लिही."

"अगं, फ्रीजच्या दारावर मार्करने काढून दाखवलं, तेव्हा 'अगदी बरोबर' कोण म्हणालं होतं?"

"आणि माझी सूत्रं बघून नंदीबैलासारखी मान कोणी डोलावली होती?"

तिचे कान तापले होते. पण चिडायचं नेमकं कोणावर, तेच तिला उमगेना. शेवटी ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"मला तेव्हा काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं रे," ती म्हणाली. "तू इतका खुशीत सांगत होतास, की नाही म्हणवेना."