सकाळची पहिली हाक

हृषीकेशच्या कृत्रिम डोळ्यांचं अपडेट नेहमी शर्वरीच करायची, कारण तेवढा वेळ त्याला दिसत नसे. आज डोळ्यांची नोंदवही चाळताना मात्र तिचं डोकं सणकलं. रोज सकाळी जाग येताच ते डोळे हाक मारत होते, "मेघना, आहेस का?" आणि रोज उत्तर येत होतं, "आहे."

"कोण ही बया?"

हृषीकेश हसला. "अगं, सर्व्हर आहे तो. नेटवर्क चालू आहे का ते बघूनच डोळे सुरू होतात. या मुक्त प्रणालीत पहिल्यापासून तीच सेटिंग आहे, सगळ्यांचीच."

"बदलता येते?"

"मुक्त आहे म्हटल्यावर काहीही बदलता येतं. पण कशाला?"

मेघनाचं नाव आणि पत्ता खोडून शर्वरीनं गुपचूप आपलं नाव आणि आपल्या फोनचा पत्ता टाकला.

सकाळी फोनवर अक्षरं उमटली, "शर्वरी, आहेस का?" तिनं 'आहे' दाबलं, हृषीकेशला दिसू लागलं, आणि ती दिवसभर गुणगुणत राहिली.

दुसऱ्या दिवशी मात्र ती फोन घरीच विसरून दूध आणायला गेली. परतली तेव्हा हृषीकेश पलंगावर बसून भिंत चाचपडत होता. फोनवर तीच हाक चाळीस वेळा येऊन गेली होती. तिनं 'आहे' दाबलं.

हृषीकेशनं डोळे मिचकावले आणि सुटकेचा श्वास सोडला.

"आली बाई एकदाची मेघना!"