न वाळलेला ठसा

पाहणीच्या पत्रकावर मोरोपंतांनी एकाही माणसाचे नाव येऊ दिले नव्हते. केवळ क्रमांक आणि संमतीचा अंगठा.

गावची विहीर पाटलांनी आमच्या वस्तीला बंद केली, असे गावकुसाबाहेरच्या भागीरथेने सांगितले, मग अंगठा उमटवून विचारले, "पाटलाले समजन काय, सायेब?"

"कोणालाही नाही, बाई."

त्याच दुपारी पाटलांच्या पंक्तीला बसून, आपली पद्धत किती चोख आहे हे दाखवायला, मोरोपंतांनी तेच पत्रक पुढे केले. ठशावर विळ्याचा आडवा व्रण होता.

"हे त आपली भागीरथा व्हय!" पाटील हसले.

आठवड्याभरात तिची झोपडी रिकामी झाली.

त्याला तीन वर्षे झाली. अमरावतीच्या कचेरीत मोरोपंत रोज त्या ठशावर टिपकागद दाबत. सकाळी तो पुन्हा ओला असे. हवेतला दमटपणा त्यांनी मोजून पाहिला. वैशाख होता.

आज पत्रके मुंबईला जायची होती. कारकून कुंदाबाईंनी दाखला पुढे सरकवला. "गोपनीयता पाळली, एवढ्यावर सही राहिली."

मोरोपंतांनी मान खाली घालून सही केली आणि हात उचलला. सहीशेजारी ओला अंगठा उमटला होता, आडव्या व्रणाचा.

"अंगठा कधी कापला हो, साहेब?"

मोरोपंतांनी मूठ मिटली. ती आतून ओली होती.