साठ टक्के श्वास

धाकट्याने मिशी काढली. बायकोने विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, उकडतंय.

थोरल्या भावाच्या आजाराच्या लांबलचक नावात शेवटी स्क्लेरोसिस होतं. डॉक्टरने कागदावर पाठीचा कणा काढला आणि त्यातून निघणाऱ्या नसा एकेक करून खोडल्या. आधी पाय, मग हात. छातीपाशी येऊन त्याने पेन खाली ठेवलं.

आई गेली तेव्हा घरात या आजाराला नाव नव्हतं. अशक्तपणा म्हणायचे. टॉनिक द्यायचे.

नव्या औषधाची चाचणी. निम्म्या पेशंटना औषध. निम्म्यांना तशीच दिसणारी, तशीच कडू लागणारी, आत काहीही नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरलाही माहीत नसणार.

धाकटा हल्ली दोन उशा घेऊन झोपतो. आडवं पडलं की बरं वाटत नाही. थोरल्याला उचलून रोज जिने चढायचे म्हणजे असं होणारच.

चाचणीत यायचं तर श्वास निरोगी माणसाच्या साठ टक्क्यांच्या वर हवा. घराजवळच्या दवाखान्यात थोरल्याचा चोपन्न भरला होता.

"मग जायचं कशाला?" थोरला म्हणाला. "नापास व्हायला? शाळेत झालो तेवढं पुरे."

"तू फक्त चल," धाकटा म्हणाला. "बाकी माझ्यावर सोड."

"आणि आपल्या वाट्याला रिकामी गोळी आली तर?"

"निम्मी तरी आशा आहे. आत्ता तुझ्याकडे किती आहे?"

"हे बघ, मी गेल्यावर हिला आणि पोरीला तू बघशील. ते पक्कं आहे ना? मग गोळीचं काय घेऊन बसलायस?"

"ते बघीनच. ते काय सांगायला हवं? पण तू चल."

चाचणीच्या केंद्रात एकच जागा उरली होती. थोरला, त्याची बायको आणि धाकटा, तिघं गेले. तिला घरात-दारात सगळे वहिनीच म्हणत, शेजारचे आजोबासुद्धा.

श्वास मोजायच्या खोलीत पेशंटबरोबर एकालाच जाता येत होतं. वहिनीने चाकांची खुर्ची ढकलत आत नेली. दुसरा भाऊ बाहेर बाकावर थांबला.

टेक्निशियन बाई बोलक्या होत्या. त्यांनी पेशंटचं नाव विचारलं. वहिनीने नवऱ्याचं नाव सांगितलं.

"घरात आणखी कोणाला हा त्रास?"

"आईला होता," खुर्चीतला म्हणाला.

"भावंडं?"

"एक भाऊ. तो ठणठणीत आहे. माणूस उचलून जिने चढतो."

"बरंय तुमचं." बाईंनी त्याच्या नाकाला चिमटा लावला आणि नळी तोंडात दिली. "छाती भरून श्वास घ्या. आता फुंका. फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका."

पडद्यावरची रेघ थोडी वर चढली आणि लगेच वाकली.

"हे काय? घरी बायकोवर ओरडतानाही एवढाच आवाज निघतो का?"

"घरी ओरडत नाहीत," वहिनी म्हणाली.

तो हसला. "पहिल्यांदा जमलं नाही. पुन्हा घेऊ."

दुसऱ्या वेळी रेघ तितकीही चढली नाही. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, थांबली, मग म्हणाली, "अहो, नीट फुंका ना."

तिसऱ्या वेळी त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं. नळी सुटली तेव्हा तो बराच वेळ खोकत होता.

"मशीन बिघडलंय," तो म्हणाला.

"सकाळीच तपासलंय."

"बिघडलंय हो. हिला फुंकायला सांगा."

बाईंनी नळीचं टोक बदललं आणि वहिनीपुढे धरलं. वहिनीने फुंकलं. रेघ डोंगरासारखी उभी राहिली. बाईंचा आवाज एकदम हळू झाला. "अठ्ठेचाळीस टक्के, दादा. राहू दे आता. दमू नका."

बाहेर आल्यावर बाकावरच्या भावाने वर बघितलं. वहिनीने आकडा सांगितला. तिला तो दोनदा सांगावा लागला.

"मुद्दाम कमी फुंकलंस ना?" बाकावरचा म्हणाला.

"नाही."

"मी रागावणार नाही. मुद्दाम कमी फुंकलंस म्हण."

"नाही रे. होता तेवढा सगळा फुंकला."

"आईची शपथ?"

"आईची."

बाकावरच्याने हात पुढे केला. तो खुर्चीपर्यंत पोचला नाही. वहिनीने खुर्ची थोडी पुढे सरकवली.

"घरी काय सांगायचं?" तिने विचारलं.

"जागा भरली म्हणून सांगू," खुर्चीतला म्हणाला.

टेक्निशियन बाई पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आल्या. खुर्चीतल्याने तो घेतला, पण प्यायला नाही. बाई बाकावरच्याकडे वळल्या.

"तुम्ही भाऊ ना? राग मानू नका, पण आईलाही होतं म्हणता, तर तुम्हीही एकदा तपासून घ्या. काही निघणार नाही. मनाला बरं."

"घेतो," तो म्हणाला.

बाई आत गेल्या. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

श्वास मोजायच्या खोलीत जायच्या आधी, लिफ्टजवळच्या बाथरूममध्ये, धाकट्याने थोरल्याला खुर्चीतून उचललं होतं, बाहेर बाकावर आणून बसवलं होतं आणि स्वतः खुर्चीत बसला होता.