सावलीचा डाव

परीक्षकाने लेख वाचायला घेतला तेव्हा वहिनी अजून दारातच उभी होती. ती आपलं खेळण्याचं यंत्र परत न्यायला आली होती. चार दिवसांत देतो म्हणून त्याने, म्हणजे तिच्या भाऊजींनी, नेलेलं यंत्र दहा दिवस झाले तरी आलं नव्हतं, आणि चष्म्याच्या दुकानातली तिची जेवणाची सुट्टी जेमतेम पाऊण तासाची. पण छापायला देण्याआधी लेख कुणाच्या तरी कानावर घातल्याशिवाय परीक्षकाला चैन पडत नसे. श्रोता आयताच सापडला होता. दोनच मिनिटं, असं म्हणत त्याने खुर्ची पुढे सरकवली.

तो एका वर्तमानपत्रात व्हिडिओ गेमची परीक्षणं लिही. जमेच्या बाजू, उण्या बाजू, खाली दहापैकी गुण, हा ठरलेला साचा. हा खेळ बारा वर्षं जुना, मुठीत मावणाऱ्या यंत्रावरचा. कार्डं जमवायची, अदलाबदल करायची आणि त्यांच्या जोरावर समोरच्याशी डाव लढायचा. आता तो पुन्हा बाजारात येणार होता, म्हणून जुनी प्रत हवी होती. ती दादाकडे होती, म्हणजे आता वहिनीकडे. दादाला जाऊन सात महिने झाले होते.

जमेच्या बाजू त्याने भरभर उरकल्या. तीनशे कार्डं, एकासारखं दुसरं नाही. चित्रं देखणी. बॅटरी संपता संपत नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे सावली. खेळ आपल्या मालकाची खेळण्याची पद्धत शिकून घेतो, आणि मालक जवळ नसला तरी त्याची सावली पाहुण्याशी डाव खेळते.

हे वहिनीला कुणी सांगायला नको होतं. दादाने मालकाच्या नावाच्या जागी 'आळशी' असं टाकून ठेवलं होतं. रोज दुपारी डबा संपला की ती भिंगं घासायच्या मशीनमागे स्टुलावर बसायची, पडद्यावर 'आळशी तयार आहे' असं यायचं, आणि दोघांचा एक डाव व्हायचा. एवढ्यावर तिचा उरलेला दिवस निघायचा. गेले दहा दिवस निघता निघत नव्हते.

उण्या बाजूंपाशी परीक्षकाचा आवाज खुलला. अक्षरं मुंगीएवढी. अदलाबदलीला दोन यंत्रं आणि एक वायर लागते, ती हमखास हरवते. मग तो क्षणभर थांबला. खास वाक्याआधी तो नेहमी थांबायचा.

"सावली मात्र अगदीच कच्ची. शेवटून दुसऱ्या खेळीला, डाव हातात आलेला असताना, ती आपलं सगळ्यांत जबर कार्ड, गरुड, फुकट घालवते. कोणताही शहाणा खेळाडू असं करणार नाही."

वहिनी खुर्चीवर बसली. प्रत्येक डावात का, असं तिने विचारलं. अकरा डाव खेळून बघितले, अकराही वेळा, असं म्हणून त्याने वही काढली आणि तारीखवार टिपणं दाखवली. प्रोग्राममधलाच दोष असणार, असंही वर सांगितलं.

"मला वाटायचं, मी जिंकते," वहिनी म्हणाली.

परीक्षक हसला. त्याला ती गंमत वाटली. गरुड पडलेला वहिनी रोज बघत होती, पण आपणच त्याला तो टाकायला भाग पाडतो अशी तिची समजूत होती. दादाने संसाराच्या नऊ वर्षांत कधी ताकास तूर लागू दिली नव्हती. हरला की तोंड पाडून बसायचा आणि पैजेप्रमाणे मुकाट्याने भांडी घासायचा. कार्डांत माझ्यापुढे ह्यांचं काही चालत नाही, असं ती चारचौघांत सांगायची तेव्हाही तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. आता तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्याची आठवण आली. दुकानात गेल्या गेल्या डाव लावायचा, असं तिने ठरवलं. सगळं कळल्यानंतर एकदा तरी तो गरुड पडताना बघायचा होता.

"आणि शेवटची," परीक्षकाने वाचलं, "खेळ साठवायला जागा एकच. नवा खेळ सुरू केला की आधीचा मालक पुसला जातो."

वहिनीने हात पुढे केला. ज्या पिवळ्या कापडात यंत्र आलं होतं त्यातच गुंडाळून त्याने ते तिच्या हातात ठेवलं. दुसऱ्याची वस्तू जपण्यात तो फार काटेकोर होता.

तिने बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'परीक्षक तयार आहे'.

पहिल्यापासून खेळल्याशिवाय परीक्षण करायचं नाही हा आपला नियम कसा आहे, ते तो सांगू लागला. आधी जुनी सावली तपासली, मग पाटी कोरी केली, मग स्वतःचे चाळीस डाव. वहिनीने पाहुणी म्हणून डाव लावला होता. तिचा चेहरा बघून तो बोलता बोलता अडखळला.

"वहिनी, तुम्ही आधी एका शब्दाने सांगितलं असतं तर..."

तिने हातानेच त्याला थांबवलं. शेवटून दुसरी खेळी आली होती आणि डाव सावलीकडे झुकला होता. सावलीने एक फुटकळ कार्ड टाकलं. गरुड हातात राखून ठेवला, आणि शेवटच्या खेळीला त्याने वहिनीचं होतं नव्हतं ते सगळं नेलं.

वहिनीने यंत्र बंद करून त्याच्या लेखावर ठेवलं. पिवळ्या कापडाची घडी तेवढी पर्समध्ये टाकली आणि उठली.

"चांगलं खेळता तुम्ही, भाऊजी."